डोक्यात कोंडा, दाढीतही कोंडा? आधी धुण्याची सवय बघा

भाऊबीजेला पाटावर बसलेल्या माझ्या भाच्याला ओवाळता ओवाळता त्याची धाकटी बहीण म्हणाली, "दादा, करंज्यांचं पीठ तू मळलंस का रे?" सगळे हसले. त्याच्या गडद निळ्या कुर्त्याच्या खांद्यांवर आणि अगदी छातीवरही पांढरं काहीतरी भुरभुरल्यासारखं दिसत होतं. तोही हसला, पण त्यानंतर दिवसभर त्याचा एक हात खांदे झटकण्यात आणि दुसरा दाढीत होता.

रात्री जेवणं झाल्यावर तो हळूच म्हणाला, "मावशी, दाढी काढूनच टाकतो."

ही दाढी त्याने हौसेने वाढवलेली नाही. कॉलेजात असताना मुरुमांनी गालांवर खड्डे पडले, ते झाकायला ती आली आणि राहिली. फेब्रुवारीत त्याचं लग्न. मुलीने त्याला दाढीशिवाय कधी पाहिलेलंच नाही. नोकरीसाठी तो बंगळुरूत राहतो आणि तिथे ऑफिसमध्ये काळे शर्ट घालणं त्याने कधीच सोडून दिलं होतं, हे मला त्या रात्री कळलं.

"उपाय काय करतोस?" मी विचारलं. उत्तर अगदी आपल्या घराघरांतलं होतं. आईने सांगितलं होतं, डोकं कोरडं पडलंय म्हणून पापुद्रे निघतात, तेव्हा रात्री तेल लाव. तो रोज रात्री तेल लावत होता. दाढीसाठी ऑनलाइन मागवलेलं दाढीचं तेल होतं. आणि बोअरवेलच्या पाण्याने केस गळतात असं रूमवरच्या मित्रांनी सांगितल्यामुळे डोक्यावरून अंघोळ फक्त रविवारी. दोन महिने हे इमानेइतबारे चाललं होतं आणि कोंडा वाढतच होता.

बंगळुरूला परतल्यावर तो त्वचारोगतज्ज्ञांकडे गेला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "डोकं शेवटचं कधी धुतलंत?" दुसरा, "आणि तेल कधी लावलंत?" पहिल्याचं उत्तर सहा दिवसांपूर्वी, दुसऱ्याचं काल रात्री. निदान तिथेच निम्मं झालं.

कोरडेपणा नव्हे, उलटंच

कोंड्याबद्दलचा आपला सगळ्यात मोठा गैरसमज तो दिसतो तसा असतो यातून आला आहे. पांढरे, सुटे, भुसभुशीत कण बघितले की मनात येतं, त्वचा सुकली आहे. पण कोंड्याचं मूळ बहुतेक वेळा तेलकटपणात असतं.

आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर मॅलॅसेझिया नावाची एक सूक्ष्म बुरशी राहते. ज्यांना कोंडा आहे त्यांच्याही, ज्यांना नाही त्यांच्याही. लुई शार्ल मॅलॅसे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये कोंड्याच्या पापुद्र्यांमध्ये ती पाहिली, म्हणून तिला त्याचं नाव. या बुरशीची एक मोठी अडचण आहे. तिला लागणारी स्निग्धाम्लं तिला स्वतः तयार करता येत नाहीत. २००७ मध्ये मॅलॅसेझियाच्या एका प्रमुख जातीचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला, तेव्हा त्यासाठी लागणारं जनुकच तिच्याकडे नाही हे स्पष्ट झालं. म्हणजे हिला जगायला तेल बाहेरून मिळावं लागतं. प्रयोगशाळेत ती वाढवायची असेल तर बशीत नेहमीच्या खाद्यावर बहुतेकदा ऑलिव्ह तेलाचा थर द्यावा लागतो. हे वाचलं तेव्हा मला भाच्याच्या उशाशी ठेवलेली तेलाची बाटली आठवली.

डोक्याच्या त्वचेतल्या तैलग्रंथी जे तेल सोडतात ते ही बुरशी फोडते. त्यातले काही भाग ती खाते आणि काही त्वचेवरच सोडून देते. त्यात ओलेइक आम्ल असतं. काहींच्या त्वचेला ते मुळीच बाधत नाही. काहींच्या त्वचेला मात्र ते चुरचुरतं, खाज सुटते, आणि घाबरलेली त्वचा आपल्या पेशी घाईघाईने टाकून द्यायला लागते. एरवी त्वचेच्या मृत पेशी एकेकट्या, डोळ्यांना न दिसता गळून जातात. इथे त्या अर्धकच्च्या, तेलाने एकमेकींना चिकटलेल्या, झुपक्याने सुटतात. तोच कोंडा. तो अस्वच्छतेची खूण नाही आणि एकाकडून दुसऱ्याला लागणारा रोगही नाही. एकच बुरशी, एकाच घरातली दोन डोकी, तरी एकालाच त्रास होतो, कारण फरक त्वचेच्या स्वभावात असतो.

म्हणूनच कोंडा वयात आल्यावर सुरू होतो, कारण तैलग्रंथी तेव्हाच जोरात कामाला लागतात. आणि म्हणूनच तो तेलकट जागी होतो. डोकं तर आहेच, पण भुवया, नाकाच्या दोन्ही बाजू, कानामागची खाच, छातीचा मधला भाग, आणि पुरुषांमध्ये दाढी-मिशी. भाच्याच्या कुर्त्यावर छातीशी जो कोंडा होता तो डोक्यातून पडलेला नव्हता, दाढीतून पडलेला होता.

"धुतल्याने केस गळतात" ही भीती

ताईला, म्हणजे त्याच्या आईला, हे सगळं फोनवर सांगितलं तर ती एकच वाक्य धरून बसली. "दिवसाआड डोकं धुवायचं? टक्कल पडेल पोराला."

तिला हसू नये. ही भीती डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीतून येते. न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा गुंता दिसतो तो धुण्याच्या दिवशीच. पण हिशोब करून बघा. निरोगी माणसाचे दिवसाला साधारण ५० ते १०० केस गळतात. ते केस मुळातून आधीच सुटलेले असतात, फक्त बाकीच्या केसांत अडकून राहतात. आठवडाभर डोकं धुतलं नाही तर सात दिवसांचे सुटे केस रविवारी एकदम हातात येतात. रोज धुणाऱ्याला तेच केस थोडे थोडे दिसतात आणि तो घाबरत नाही. धुण्याने केस सुटत नाहीत, सुटलेले बाहेर पडतात.

उलट कोंड्याची खाज सहन न होऊन नखांनी खाजवत राहिलं तर केस तुटतात, त्वचेवर ओरखडे येतात, आणि सुजलेल्या त्वचेतून केसगळही वाढू शकते. कोंडा आटोक्यात आला की ती सहसा कमी होते.

बोअरवेलच्या पाण्याचं काय? जड पाण्याने केस राठ होतात, हे खरं. पण त्या पाण्यात अंगाचा साबण दाढीला लावला तर आणखी एक गोष्ट घडते. साबण आणि पाण्यातले क्षार मिळून पांढरट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. बंगळुरू, हैदराबाद किंवा गुजरातेत जड पाणी येणाऱ्या सोसायट्यांमध्ये राहणाऱ्या अनेक दाढीवाल्यांच्या कोंड्यात थोडा हा साकाही मिसळलेला असतो. शॅम्पूने तसं सहसा होत नाही. तेव्हा दाढीला अंगाचा साबण नकोच.

शॅम्पू कोणता, त्याहून महत्त्वाचं किती वेळ

औषधाच्या दुकानात कोंड्याचे डझनभर शॅम्पू मिळतात. बाटलीच्या पुढची जाहिरात वाचू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे यांपैकी एखादं नाव हवं: किटोकोनॅझोल, झिंक पायरिथिऑन, सेलेनियम सल्फाइड किंवा सिक्लोपिरॉक्स. हे बुरशीला आवरतात. सॅलिसिलिक आम्ल असलं तर ते पापुद्रे सैल करतं, जाड थर असेल तेव्हा उपयोगी. कोलटारचे शॅम्पूही मिळतात, पण वास उग्र असतो आणि पांढऱ्या केसांवर पिवळट छटा येऊ शकते, तेव्हा आजोबांच्या डोक्यासाठी दुसरं काही बघा. केस रंगवत असाल तर सेलेनियमवाला जपून, रंग बदलू शकतो. नुसतं "हर्बल" किंवा "कोंडामुक्ती" लिहिलेलं असून यातलं काहीच नसेल तर तो फक्त शॅम्पू आहे.

भाच्याला डॉक्टरांनी २ टक्के किटोकोनॅझोलचा शॅम्पू दिला. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. मधल्या दिवशी साधा सौम्य शॅम्पू. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला, "मावशी, काही फरक नाही." मी विचारलं, "डोक्यावर किती वेळ ठेवतोस?" तो म्हणाला, "ठेवायचा असतो?"

इथेच बहुतेकांचं चुकतं. साधा शॅम्पू मळ काढतो, त्याला फेस आला की काम झालं. औषधी शॅम्पू त्वचेवर राहिला तरच काम करतो. फेस केसांना नव्हे, त्वचेला लावायचा, बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. मग तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवायचा. साधारण एक सिनेमातलं गाणं संपेपर्यंत. तोवर अंगाला साबण लावा, पाय घासा, काहीही करा, पण डोक्यावर पाणी घेऊ नका. नंतर भरपूर पाण्याने धुवा, आणि पाणी कोमट असू द्या. कढत पाण्याने त्वचा आणखी चिडते.

लांब केसांच्या बायका-मुलींनी हा शॅम्पू टोकांपर्यंत फासण्याची गरज नाही. भांग पाडत पाडत त्वचेपुरता लावायचा. टोकांना हवं तर कंडिशनर. केस लांब आणि दाट असले की सकाळच्या घाईत रोजचं धुणं जमत नाही, हे मला स्वतःच्या वेणीवरून माहीत आहे. आठवड्यातून दोन-तीनदा नेमाने धुतलं तरी पुष्कळ फरक पडतो. मात्र ओल्या केसांवर स्कार्फ किंवा हेल्मेट चढवून निघू नका, आणि हेल्मेटच्या आतलं अस्तर निघत असेल तर तेही अधूनमधून धुवा. कोणी बघत नाही, पण वर्षभराचा घाम आणि तेल त्यात असतं.

आणि आता दाढी

दाढीतला कोंडा डोक्यातल्यापेक्षा हट्टी वाटतो, कारण तिथली त्वचा कोणी धुतच नाही. फेसवॉश लावणारा माणूस कपाळ, नाक आणि गालांचा वरचा भाग धुतो. दाढीवरून हात फिरतो तो केसांवरून, खालच्या त्वचेपर्यंत पोचत नाही. दाट दाढीखाली ऊब असते, तेल साचतं, जेवणाचे कण आणि घाम असतो. बुरशीला आणखी काय हवं? वरून दाढीचं तेल. बाजारातल्या अशा बहुतेक बाटल्यांत वेगवेगळी वनस्पती तेलंच असतात. दाढी चकाकते, आणि खाली पंगत वाढलेली असते.

दाढीसाठी वेगळा महागडा "बिअर्ड शॅम्पू" लागत नाही. डोक्याला जो औषधी शॅम्पू लावता त्याचाच थोडा फेस दाढीत घ्यायचा. आधी दाढी पाण्याने पूर्ण भिजवा. मग बोटं हनुवटीखालून वर, केसांच्या उलट्या दिशेने घालून पेरं त्वचेला टेकतील असं चोळा. मिशी विसरू नका, नाकाच्या कडा आणि भुवयांवरूनही फेसाचा हात फिरवा, पण डोळ्यांत जाऊ देऊ नका. पुन्हा तेच, तीन ते पाच मिनिटं. नंतर इतकं धुवा की बोटांना बुळबुळीतपणा लागणार नाही, आणि टॉवेलने टिपून कोरडी करा. आठवड्यातून दोन-तीनदा हे, एरवी रोज साध्या पाण्याने किंवा सौम्य फेसवॉशने, पण त्वचेपर्यंत. धुतल्यावर ओढल्यासारखं वाटलं तर तेल न घेता हलकं, बिनवासाचं मॉइश्चरायझर त्वचेला लावा.

ज्यांना चालत असेल त्यांनी सुरुवातीचे दोन-तीन आठवडे दाढी थोडी बारीक ठेवावी, औषध आत पोचणं सोपं जातं. धर्माने किंवा व्रताने जे केस कापत नाहीत त्यांनी धुण्याला जास्त वेळ द्यावा, इतकंच. काढून टाकायची गरज दोघांनाही नाही. भाच्याने ट्रिमर तीन नंबरवर लावून बारीक केली, गालावरचे खड्डे झाकलेलेच राहिले.

एक सावधगिरी मात्र ठळक अक्षरांत लिहावी अशी आहे. दाढीखाली लाली आणि खाज आली की औषधाच्या दुकानातून "खाजेची ट्यूब" आणून चोळणारे खूप असतात. त्यातल्या अनेक मलमांत तीव्र स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत जादू होते, म्हणून माणूस लावत राहतो. मग चेहऱ्याची त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरुम येतात, आणि ट्यूब बंद केली की सगळं दुपटीने परततं. डॉक्टरही कधी स्टिरॉइड देतात, पण सौम्य, थोडे दिवस, आणि बघून. शेजाऱ्याची ट्यूब आपल्या गालाला नको.

लिंबू, खाण्याचा सोडा, कांद्याचा रस हेही चिडलेल्या त्वचेवर नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. दह्यात जे काही असेल ते असो, ते धुवायला डोकं चांगलं घासावं लागतं, आणि मला वाटतं दह्याला मिळणारं निम्मं श्रेय त्या घासण्याचं आहे.

प्रत्येक पांढरा कण कोंडा नसतो

शाळेत जाणाऱ्या मुलीच्या केसांत पांढरं दिसलं तर आधी उजेडात नीट बघा. कोंडा झटकला की पडतो. लिखा केसाला घट्ट चिकटलेल्या असतात, ओढल्या तरी सरकत नाहीत, त्यांना बारीक फणी आणि उवांचं औषध लागतं. वयात न आलेल्या मुलाच्या डोक्यावर पापुद्रे आणि केस गेलेले चट्टे असतील तर तो बहुधा गजकर्णासारखा संसर्ग असतो. त्याला नुसता शॅम्पू पुरत नाही, पोटातून औषध लागतं, आणि उशीर करू नये. तान्ह्या बाळाच्या टाळूवरचे पिवळसर पापुद्रे मात्र बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप जातात. आंघोळीआधी थोडं तेल लावून मऊ करायचे आणि हलक्या हाताने धुऊन टाकायचे, नखाने काढायचे नाहीत.

मोठ्यांमध्ये जाड, चंदेरी खवले, कपाळाच्या केसांच्या रेषेबाहेर आलेले लाल चट्टे, कोपर-गुडघ्यांवरही तसंच काही, असं दिसलं तर ते सोरायसिस असू शकतं. पू, वेदना, केस झुपक्याने जाणं, किंवा महिनाभर नीट धुऊनही काहीच फरक नसणं, यातलं काहीही असेल तर त्वचारोगतज्ज्ञ. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी औषधी शॅम्पूही विचारूनच घ्यावा.

तेलाचं काय करायचं?

ताईचा शेवटचा प्रश्न हाच होता, आणि तिच्या आवाजात थोडा रुसवा होता. लहानपणापासून तिने या मुलाच्या डोक्यावर तेल थापलं आहे. ते थांबव म्हणणं म्हणजे माया थांबव म्हणण्यासारखं.

मी तिला दिवाळीच्या पहाटेची आठवण करून दिली. अभ्यंगस्नानात तेल असतं, पण मागोमाग उटणं आणि ऊन पाणीही असतं. तेल अंगावर किती वेळ राहतं? तासभर. आजीच्या काळात डोक्याला तेल लागायचं ते न्हाण्याच्या दिवशी, आणि मग शिकेकाईने ते खसखसून काढलं जायचं. तेल लावून आठवडाभर तसंच ऑफिसला जाणं ही परंपरा नाही, ती अलीकडची सोय आहे. गंमत म्हणजे "शॅम्पू" हा शब्दही आपल्याकडचाच, चेपणं या अर्थाच्या हिंदी "चाँपना"वरून गेलेला. पाटण्याला जन्मलेल्या शेख दीन मोहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ब्रायटनला स्नानगृह काढलं, तिथे तो मालिशसाठीच वापरला जाई. पुढे इंग्रजांनी मालिश विसरून शब्द केस धुण्याला दिला. आपण मालिश लक्षात ठेवली आणि धुणं विसरत चाललो.

खोबरेल तेल केसांसाठी वाईट नाही. धुण्याआधी लावलं तर धुताना केसांतलं प्रथिन कमी जातं, हे अभ्यासातून दिसलं आहे. पण ते केसांच्या लांबीला, धुण्याआधी तासभर, आणि मग धुऊन टाकायचं. कोंडा जोरात असताना त्वचेवर मुक्कामाला नको.

भाच्याचा कोंडा सहाव्या आठवड्यात जवळजवळ गेला होता. "जवळजवळ" मुद्दाम लिहिलं आहे. त्याला वाटलं बरं झालं, त्याने शॅम्पू बंद केला, आणि जानेवारीत खांद्यांवर पुन्हा पीठ दिसायला लागलं. थंडीत कोंडा तसाही वाढतो, आणि नेमका थंडीतच आपण डोक्यावरून अंघोळीचा कंटाळा करतो. डॉक्टरांनी तेव्हा त्याला समजावलं की ही बुरशी कायमची जात नाही, तिला आवरून ठेवायचं असतं. आटोक्यात आल्यावरही आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा औषधी शॅम्पू, बाकी दिवशी साधं धुणं. दात घासण्यासारखं. त्याने फोनमध्ये बुधवारचा गजर लावला आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लागली, तेल लागलं, सगळं रीतसर झालं. दुपारी ताई स्वतः न्हाणीघराच्या दारात शॅम्पूची बाटली घेऊन उभी होती आणि आतल्या मुलाला ओरडून सांगत होती, "अरे, पाच मिनिटं झाल्याशिवाय पाणी घेऊ नकोस!"